‘गूफी’ म्हणाले म्हणजे मूर्ख म्हणाले का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही ते तुम्हालाही दिसेल. परदेशातल्या टीमबरोबर तुमचं काम चालतं. एका सादरीकरणात तुम्ही सर्व्हरच्या जागी डुलक्या काढणारा हत्ती काढला होता. त्यावर तिकडच्या एका सहकारी बाईंनी लिहिलं, ‘लव्ह द गूफी लिटल एलिफंट!’ तुम्ही खूश झालात. चार दिवसांनी तिकडच्याच मॅनेजरनी तुमच्या फायलींची नावं बघून लिहिलं, ‘दॅट्स काइंड ऑफ अ गूफी वे टू नेम फाइल्स.’ मग तुम्ही शब्दकोश उघडलात, तिथे ‘मूर्ख, वेडगळ’ असं दिसलं, आणि आता दोन्ही वाक्यं डोक्यात घोळतायत. पहिल्या वेळीही ते आपल्याला हसतच होते का, मराठीत याला नेमका शब्द कोणता, आणि आपण हा शब्द वापरला तर चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न.

आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. पहिलं वाक्य निखळ कौतुक आहे. दुसरं टीका आहे, पण ती फायलींच्या नावांवर आहे आणि हलक्या हाताने केलेली आहे. दोन्हीकडे तुम्हाला कुणी मूर्ख म्हटलेलं नाही.

मी वीस-बावीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, त्यातली निम्मी तरी सबटायटल्स लिहिण्यात गेली. सबटायटलला जागा दोन ओळींची, वेळ तीन-चार सेकंदांचा, आणि तळटीप द्यायची सोय नाही. त्यामुळे कायद्याच्या कागदातल्या जडजंबाल शब्दांनी मला जितकं छळलं नाही तितकं ‘गूफी’, ‘सिली’, ‘डाफ्ट’ या मंडळींनी छळलंय. जड शब्दाचा अर्थ कोशात मिळतो. हे शब्द कोशात अर्धेच असतात, उरलेले अर्धे बोलणाऱ्याच्या तोंडावर असतात.

सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच कोश उघडला होता आणि तोंडावर आपटले होते. मुलांच्या एका मालिकेत ‘माय गूफी अंकल’ असं वाक्य आलं. मी बेधडक लिहिलं, ‘माझा मूर्ख मामा’. तपासणाऱ्या बाईंनी ते काम परत पाठवलं आणि बाजूला पेन्सिलीने एवढंच लिहिलं होतं: ‘हा मामा मूर्ख कुठे आहे? त्याला सगळं कळतंय. आपण कसे दिसतोय याची त्याला फिकीर नाही, एवढंच.’ पडद्यावर तो मामा डोक्यावर पातेलं घालून भाच्यांसमोर परेड करत होता. त्या पेन्सिलीच्या दोन ओळी मला पुढे कुठल्याही कोशापेक्षा जास्त उपयोगी पडल्या.

कारण ‘गूफी’चं मर्म तिथेच आहे. हा शब्द बुद्धीचं माप काढत नाही. माणूस किंवा वस्तू कशी दिसते, कशी वागते, आणि त्या दिसण्याबद्दल तिला स्वतःला किती कमी संकोच आहे, हे तो सांगतो. ‘स्टुपिड’ म्हटलं की बोट डोक्याकडे जातं. ‘गूफी’ म्हटलं की हातापायांकडे, चेहऱ्याकडे, टोपीकडे, चालण्याकडे जातं. अत्यंत हुशार प्राध्यापक गूफी असू शकतात. वाकडे मोजे घालून, स्वतःच्याच विनोदावर स्वतःच आधी हसून ते वर्गात शिरतात, आणि विद्यार्थी त्यांना प्रेमाने गूफी म्हणतात. त्यांच्या ज्ञानाबद्दल कुणाच्या मनात शंका नसते.

एक उदाहरण जवळून बघू, कारण या शब्दाचं सगळं वागणं त्यात सापडतं. कादंबऱ्यांत आणि मालिकांत हे वाक्य वारंवार येतं: ‘ही गेव्ह मी अ गूफी ग्रिन.’ म्हणजे त्याने माझ्याकडे बघून एक विशिष्ट प्रकारचं हसू दिलं. आता मराठीत लिहायला बसा. ‘तो मूर्खासारखा हसला’ म्हटलं तर बोलणारीला तो आवडत नाही असं वाटतं, आणि मूळ प्रसंगात बहुतेक वेळा ती त्याच्या प्रेमात असते. ‘तो वेड्यासारखा हसला’ म्हटलं तर हसण्याचं प्रमाण वाढतं, तो पोट धरून हसतोय असं चित्र उभं राहतं. ‘बावळट हसला’ थोडं जवळ जातं, पण बावळटपणात एक ढिलेपणा आहे, तोंड उघडं टाकून बघत राहणं आहे, आणि इथे माणूस ढिला नाही, खूश आहे. ‘दात काढले’ यात बोलणारीचा वैताग येतो. मी अनेकदा शेवटी ‘त्याच्या चेहऱ्यावर एक खुळं हसू आलं’ इथे येऊन थांबले आहे. ‘खुळं’ या शब्दात प्रेमही आहे आणि भान सुटणंही आहे. आपला चेहरा या क्षणी कसा दिसत असेल हे तो माणूस विसरला आहे, आणि तो विसरला आहे हेच बघणारीला गोड वाटतंय. इंग्रजी शब्दाने हे ‘ग्रिन’च्या आधी येऊन एका दमात केलं.

पण हाच ‘खुळा’ मी फायलींच्या नावांना लावणार नाही. ‘फायलींना नावं द्यायची ही खुळी पद्धत आहे’ असं मराठीत कुणी म्हणत नाही. तिथे ‘ही काहीतरीच पद्धत आहे’ किंवा ‘जरा विचित्रच आहे’ असं आपण म्हणू. म्हणून मराठीत नेमका शब्द कोणता, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला एकशब्दी उत्तर नाही. कुठे आलाय त्यावर ते ठरतं. याकडे पुन्हा येते.

शब्दाचं कूळ थोडं सांगते, कारण त्याने वरचा मुद्दा पक्का होतो. ‘गूफ’ हे नाम अमेरिकी बोलभाषेत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात छापलेलं दिसू लागतं, आणि ‘गूफी’ हे विशेषण त्याच्या मागोमाग, १९२० च्या आसपास. कोशकार ते इंग्रजी बोलींतल्या ‘गॉफ’ या जुन्या शब्दाशी जोडतात, तो सोळाव्या शतकातल्या फ्रेंच ‘गोफ’शी, आणि त्याच्याही मागे बहुधा इटालियन ‘गोफ्फो’ उभा आहे. ‘गोफ्फो’ म्हणजे अवघडलेला, ओबडधोबड, हालचालींत सफाई नसलेला. बघा, मुळातच रोख अंगाच्या ठेवणीकडे आहे. (जाता जाता, विक्षिप्त विनोदासाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘झेनी’ हाही इटलीचाच. तिथल्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकांत ‘झान्नी’ नावाचा विनोदी नोकर असे, त्याच्यावरून तो आला. हसण्याच्या बाबतीत इंग्रजीने इटलीकडून बरीच उसनवारी केली आहे.)

मग या शब्दाचं नशीब पालटलं ते एका कार्टूनमुळे. डिस्नीच्या चित्रपटांत १९३२ साली एक लांबट, ढगळ कपड्यांतला कुत्रा आला. तेव्हा त्याचं नाव ‘डिप्पी डॉग’ होतं. दोनेक वर्षांत त्याचं नाव ‘गूफी’ झालं आणि तेच टिकलं. पिंटो कॉल्विग या कलाकाराने त्याला आवाज आणि ते प्रसिद्ध हसू दिलं. हा कुत्रा धडपडतो, शिडीवरून पडतो, सूचना वाचून बरोबर उलटं करतो, पण कुणाचं वाईट चिंतत नाही आणि पडला तरी हिरमुसत नाही. जवळजवळ शंभर वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली मुलं ‘गूफी’ हा शब्द या कुत्र्याच्या तोंडावळ्यासकट शिकत आली आहेत. त्यामुळे शब्दात मुळात जी टोचणी होती ती बरीच बोथट झाली. मॅनेजरनी ‘स्टुपिड वे’ न लिहिता ‘गूफी वे’ लिहिलं, त्यामागे हा कुत्रा शेपूट हलवत उभा आहे असं समजा.

आता खरा प्रश्न. समोरच्याने म्हटलेलं ‘गूफी’ गोड आहे की कडू, हे ओळखायचं कसं? मी काम करताना काय बघते ते सांगते.

सगळ्यात आधी मी हे बघते की ज्या गोष्टीला गूफी म्हटलं ती मुळात गंभीर असणं अपेक्षित होतं का. तुमचा हत्ती लोकांना हसवण्यासाठीच काढलेला होता. जी गोष्ट हसवायला आली आहे तिला गूफी म्हणणं म्हणजे तिचं काम साधलं असं म्हणणं. फायलींची नावं मात्र हसवायला नसतात, ती शोधल्यावर सापडावीत म्हणून असतात. कामाच्या गोष्टीला गूफी म्हणणं म्हणजे ती आपल्या कामात कमी पडतेय असं सुचवणं. तुमच्या दोन वाक्यांमधला फरक निम्म्याहून जास्त इथेच सुटतो. वाढदिवसाची टोपी गूफी असली तर छान. शस्त्रक्रियेची योजना गूफी असली तर पळा.

दुसरं, शब्दाच्या आजूबाजूला काय आहे ते. तुमच्या पहिल्या वाक्यात ‘लव्ह’ आहे आणि ‘लिटल’ आहे. इंग्रजीत ‘लिटल’ अनेकदा आकार सांगत नाही, लाड सांगतं, आपण ‘हत्तोबा’ म्हणू तसं. दुसऱ्या वाक्यात ‘काइंड ऑफ’ आहे, म्हणजे ‘जरासं’. ही टीकेला घातलेली गादी आहे. सांगायचं तर आहे, पण लागू नये म्हणून मधे काहीतरी मऊ ठेवलंय. गादी आहे याचा अर्थ टीका आहे, हे मात्र विसरू नका. कौतुकाला गादी लागत नाही.

तिसरं, क्रियापदाचं रूप. हे बारीक आहे पण फार उपयोगी आहे. ‘यू आर गूफी’ म्हणजे तू तसाच आहेस, तुझा स्वभावच तो. ‘यू आर बीइंग गूफी’ म्हणजे आत्ता, या घटकेला तू तसं वागतोयस. मराठीत ‘वेडा आहेस’ आणि ‘वेडेपणा करतोयस’ यांत जे अंतर आहे तेच हे. दुसऱ्यात माणूस शाबूत राहतो, फक्त वागणं बाजूला काढून दाखवलं जातं. आई मुलाला ताटावर बसवताना ‘स्टॉप बीइंग गूफी’ म्हणते तेव्हा ती रागावलेली असली तरी मुलाला नावं ठेवत नसते. तुमच्या मॅनेजरनी तर माणसाचा उल्लेखही केलेला नाही, ‘वे’ म्हणजे पद्धत गूफी आहे असं लिहिलंय.

आणि चौथं, जे लेखी चॅटमध्ये दिसतच नाही, ते म्हणजे नातं. हे मला कितीही अनुभव असला तरी बाहेरून सांगता येणार नाही. आपल्याकडे ‘वेड्या!’ ही हाक घ्या. आजी म्हणाली तर मांडीत जाऊन बसावं, मित्र म्हणाला तर हसावं, भांडणात शेजारी म्हणाला तर बाह्या सरसावाव्यात. अक्षरं तीच. ज्याला तुम्ही वर्षभर ओळखता त्याच्या ‘गूफी’चा आवाज तुम्हाला चॅटमध्येही ऐकू येईल. दोन आठवड्यांपूर्वी आलेल्या मॅनेजरचा येणार नाही, आणि तिथे उगाच वाईट आवाज कल्पून घेण्यात अर्थ नाही.

आता शेजारपाजारच्या शब्दांशी तुलना करते, कारण बरेच जण हे सगळे एकाच डब्यात भरतात. ‘सिली’ हा यातला फार जुना आणि सगळ्यात व्यापक. त्याची गोष्ट मजेशीर आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याच्या पूर्वजाचा अर्थ होता सुखी, दैवाची कृपा असलेला. जर्मनमध्ये त्याचा भाऊ ‘झेलिश’ अजूनही धन्य, परमानंदी या अर्थाने वापरतात. इंग्रजीत तो धन्य वरून निष्पाप, निष्पाप वरून बिचारा, बिचारा वरून दुबळा आणि शेवटी बुद्धूवर घसरत आला. आपल्या ‘भोळा’चं तेच होऊ घातलंय असं मला कधीकधी वाटतं. देवाला लावला तर भक्ती आणि ऑफिसातल्या माणसाला लावला तर कीव. क्रिकेटमधला ‘सिली पॉइंट’ तुम्हाला माहीतच आहे. फलंदाजाच्या इतक्या जवळ उभं राहणं हा शहाणपणा नव्हे, म्हणून ते नाव. तिथे ‘गूफी पॉइंट’ शोभला नसता, कारण तो क्षेत्ररक्षक विनोदी दिसत नाही, फक्त जिवावर उदार झालेला असतो.

‘सिली’ला एक असं काम जमतं जे ‘गूफी’ला अजिबात जमत नाही. तुम्ही कुणाला म्हणालात की तुमचा फार वेळ घेतला, माफ करा, तर ते म्हणतील, ‘डोन्ट बी सिली!’ ब्रिटिश असतील तर ‘डोन्ट बी डाफ्ट!’ हे आपलं ‘अहो, काहीतरीच काय!’ आहे. यात समोरच्याला वेड्यात काढणं शून्य, आपुलकी पुरेपूर. माझ्या ओळखीतल्या एका होतकरू भाषांतरकाराने याचं ‘मूर्खपणा करू नका’ असं केलं होतं आणि एक अत्यंत सभ्य म्हातारे गृहस्थ सबटायटलमध्ये पाहुण्यांवर खेकसताना दिसले. या जागी ‘डोन्ट बी गूफी’ कुणी म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका, ऐकणारा गोंधळेल.

‘डाफ्ट’ प्रामुख्याने ब्रिटिश आहे, विशेषतः उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडकडे भरपूर वापरात. त्याचाही पूर्वज सौम्य, नम्र अशा अर्थाचा होता, आणि गंमत म्हणजे कुशल या अर्थाचा ‘डेफ्ट’ त्याचाच सख्खा भाऊ. एक भाऊ कसबी निघाला, दुसरा खुळा. ‘वॅकी’मध्ये चक्रमपणा जास्त, कल्पनाच तिरपागडी. ‘डॉर्की’मध्ये चारचौघांत वावरायचं कसं ते न कळणं. आणि ‘रिडिक्युलस’ला यांच्या पंगतीत बसवू नका, त्याला चांगलंच धारदार पातं आहे. तुमच्या मॅनेजरनी तो शब्द वापरला असता तर मी हे उत्तर वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

‘गूफ’ची क्रियापदं वेगळी लक्षात ठेवा, तिथे अर्थ सरकतो. ‘गूफ अप’ म्हणजे घोळ घालणे. ‘आय गूफ्ड अप द डेट्स’ म्हणजे तारखांचा घोळ माझ्याकडून झाला. ‘गूफ ऑफ’ म्हणजे काम टाळून टंगळमंगळ करणे. ‘गूफ अराउंड’ म्हणजे नुसता धुडगूस, चेष्टामस्करी. नुसतं ‘अ गूफ’ म्हणजे चूक, चित्रपटात एका दृश्यात घड्याळ डाव्या हातात आणि दुसऱ्यात उजव्या हातात दिसलं तर ती चूक. ही सगळी रूपं चुकीला हलकं करतात, आणि म्हणून बोलणारे ती सोयीने वापरतात. मी एकदा ऑफिसातल्या एका तक्रारीच्या चौकशीचं भाषांतर केलं होतं. ज्याच्यावर आरोप होता तो पुनःपुन्हा म्हणत होता, ‘वी वर जस्ट गूफिंग अराउंड.’ मी पहिल्यांदा ‘आम्ही मजा करत होतो’ असं लिहिलं आणि थांबले. ‘मजा’मध्ये समोरची बाईही सामील होती असं वाटतं, आणि तक्रार तर नेमकी तीच होती की ती सामील नव्हती. ‘धिंगाणा’ लिहिलं तर मीच त्याच्यावर आरोप वाढवल्यासारखं झालं असतं. शेवटी ‘आमची नुसती मस्करी चालली होती’ असं ठेवलं. त्यातला ‘नुसती’ हा ‘जस्ट’चं काम करतो आणि तो माणूस स्वतःला किती हलक्यात सोडवू बघतोय ते वाचणाऱ्याला कळतं. गूफी शब्द निरुपद्रवी असतो असं वाटून गेलं तर हे उदाहरण आठवा. तो निरुपद्रवी वाटतो म्हणूनच त्याच्या आड लपता येतं.

आता जिथे खरंच पाय घसरू शकतो त्या जागा. ब्रिटिश इंग्रजीत ‘गूफी’चा एक वेगळा अर्थ आहे, पुढे आलेले दात. ‘गूफी टीथ’ हा तिथे सरळ शारीरिक शेरा आहे. अमेरिकन माणसाने लाडाने कुणाच्या हसण्याला गूफी म्हटलं आणि ऐकणारी ब्रिटिश असली, तर ती घरी जाऊन आरशासमोर उभी राहील. कॅनडात तर आणखी सांभाळून. तिथे ‘गूफ’ हे नाम, विशेषतः तुरुंगाच्या बोलीत, फार जहरी शिवी आहे, आणि ती तुरुंगाबाहेरही काही भागांत रस्त्यावर पसरली आहे. ‘गूफी’ विशेषण तितकं भडक नाही, पण कॅनेडियन अनोळखी माणसाला ‘यू गूफ’ म्हणायच्या फंदात पडू नका. अमेरिकेतही काही शहरी बोलींमध्ये माणसाला गूफी म्हणणं म्हणजे त्याची पत काढणं असतं. आणि इंटरनेटवरच्या विशी-बाविशीतल्या मुलांनी हा शब्द अलीकडे मीम्समध्ये इतका फिरवलाय की तिथे तो कधी हेटाळणी असतो, कधी लाड, तर कधी निव्वळ चाळा. त्यावरून ऑफिसातल्या भाषेचा अंदाज बांधू नये.

एक जागा अशीही आहे जिथे यात ना लाड ना शेरा. लाटांवर फळी घेऊन सर्फिंग करणारे, स्केटबोर्डवाले, स्नोबोर्डवाले उजवा पाय पुढे ठेवून उभं राहण्याला ‘गूफी’ म्हणतात आणि डावा पाय पुढे असला तर ‘रेग्युलर’. कधीकाळी तो चेष्टेचा शब्द असणार, आज ती निव्वळ संज्ञा आहे. फळी भाड्याने देणारा मुलगा ‘आर यू गूफी?’ विचारतो तेव्हा त्याला फक्त कुठला पाय पुढे ते हवं असतं. एका माहितीपटात हे वाक्य मी ‘तू खुळा आहेस का?’ असं केलं होतं, हेही कबूल करून टाकते. सुदैवाने प्रसारणाआधी सापडलं.

मराठी शब्दाकडे परत येते. मी मनात अशी वाटणी ठेवली आहे. माणसाच्या स्वभावाला प्रेमाने म्हटलं असेल तर ‘येडपट’ किंवा ‘खुळा’, संदर्भ पाहून ‘वल्ली’. हालचालींत धडपड असेल तर ‘वेंधळा’, पण लक्षात ठेवा, वेंधळ्याला आपल्या वेंधळेपणाची मजा येत नसते, गूफीला बहुधा येत असते. हसू, चेहरा, नाच असेल तर ‘खुळं’. टोपी, चित्र, पोशाख असेल तर ‘गमतीदार’ किंवा ‘मजेशीर’, आणि तुमच्या हत्तीला मी निःसंशय ‘मजेशीर’च म्हणेन. विनोद असेल तर ‘बाष्कळ’, कारण त्यात पोकळपणा आहे पण विष नाही. ‘पांचट’ नको, त्यात कंटाळा येतो. कल्पना किंवा पद्धत असेल तर ‘काहीतरीच’. आणि लहान मुलांचं वागणं असेल तर मी विशेषण सोडून क्रियापदच घेते, ‘चाळे करू नकोस’. एक शब्द मात्र मी कधीच घेत नाही, तो म्हणजे ‘विदूषकी’. विदूषक मुद्दाम करतो, ठरवून करतो. त्याच कारणाने ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हेही गूफीच्या अगदी उलटं आहे. तिथे आत शहाणपण आणि वर वेडाची चादर असते. गूफी माणूस काही पांघरत नाही, जे आहे ते उघड्यावर.

तिसरा प्रश्न, तुम्ही वापरावा का. वापरा, पण सुरुवात स्वतःपासून करा. ‘आय फेल्ट अ बिट गूफी’, ‘माय गूफी स्केच’ असं स्वतःबद्दल म्हणणं कुठल्याही देशात सुरक्षित आहे, आणि त्याने वातावरण सैल होतं. दुसऱ्याच्या गोष्टीला लावायचा तर ती हसवायलाच आणलेली आहे याची खात्री असू द्या. वरिष्ठांच्या कामाला, ग्राहकाच्या कल्पनेला, कुणाच्या उच्चारांना, नावाला, दिसण्याला लावू नका. अहवालात, औपचारिक पत्रात हा शब्द येऊच नये. बोलण्यातला शब्द आहे, तो बोलण्यातच राहू दे. आणि उच्चार करताना ‘गू’ दीर्घ ठेवा. ऱ्हस्व केला तर ऐकणाऱ्याला शब्द ओळखायला अर्धा क्षण जास्त लागतो.

राहिला तुमच्या मॅनेजरचा निरोप. तुम्ही त्याला अजून उत्तर दिलेलं नाही असं लिहिलंय. माफी मागू नका, स्पष्टीकरणही लांबवू नका, दोन्हींनी तो हलका शेरा जड होतो. ‘हा, फेअर इनफ. व्हॉट फॉरमॅट वर्क्स फॉर यू?’ एवढं पुरे. पहिल्या तीन शब्दांत त्यांचा हलका सूर तुम्ही झेलला हे त्यांना कळेल, आणि प्रश्नाने विषय फायलींवर परत जाईल. ते तारीख आधी की विषय आधी, काय ते सांगतील. तसं बदलून टाका. तुम्ही उदाहरण म्हणून दिलेलं फायलीचं नाव मीही वाचलं, ‘फायनल-खरंच-फायनल-३’. ते काहीतरीच आहे, हे मात्र खरं.